टेकडीवरून आलेलं संत्र्याचं साल

कुंदे, तुझ्या प्रेअर मीटिंगला कचोरी होती. देवळाच्या तळघरातल्या त्या ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये, तुझ्या मोठ्या फोटोसमोर, लोक कागदी प्लेटा धरून रांगेत उभे होते. माझ्या मागची एक बाई दुसरीला विचारत होती, "कॅटरर कोण गं? आमच्या बेबी शॉवरला हाच सांगते." तू फोटोत हसत होतीस. तुला ऐकू गेलं असतं तर तू वळून नंबर दिला असतास, वर म्हणाली असतीस, "चटणी मात्र घरची करा, त्याची फार गोड असते." मी प्लेट तशीच कचऱ्यात टाकली आणि पार्किंग लॉटमध्ये जाऊन उभी राहिले.

परत आत गेले तर भाषणं सुरू होती. तू म्हणे 'फुल ऑफ लाइफ' होतीस. तू म्हणे सगळ्यांना सांभाळून घ्यायचीस. एकाने 'व्हायब्रंट' हा शब्द इतक्यांदा वापरला की मला भिंतीच्या रंगाची जाहिरात ऐकल्यासारखं वाटलं. कोणी म्हणालं नाही की कुंदा हट्टी होती. की तिला आयुष्यात गाडी सरळ पार्क करता आली नाही. की ती दुसऱ्याच्या ताटातलं न विचारता उचलून खायची. मलाही बोलायला बोलावलं. मी मान हलवून नाही म्हटलं, आणि मग लोक एकमेकांना सांगायला लागले की उषाताईंना फार धक्का बसलाय. धक्का कसला? मला शिसारी आली होती.

तू कशाने गेलीस ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांना काही कळत नाही त्यांच्या तोंडून ते मी पुरेसं ऐकलंय. मला तुला सांगायचंय ते परवाच्या शनिवारचं. तुझ्या भोंडल्याचं. ते तुला सतीशकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

झालं असं. तुझे दिवस झाले आणि दोनच दिवसांनी तुझ्या मितालीचा फोन आला. रडत नव्हती, चिडली होती. पोरगी चिडली की अगदी तुझ्यासारखी नाकातून बोलते.

"मावशी, सतीश अंकल इज कॅन्सलिंग आईज भोंडला. ही सेज वुई कान्ट डू इट, बिकॉज समवन डाइड. बट शी इज द समवन!"

"अगं, घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत," मी म्हटलं. हे म्हणताना मला स्वतःचाच आवाज कुठल्या तरी कीर्तनकार बाईचा वाटला.

"सो यू डू इट. तू तर घरातली नाहीस. यू नो द साँग्ज विदाउट द सीडी."

"मिताली, मला तुझ्या आईचा भोंडला आवडत नाही. तुला माहीत आहे."

"आय नो," ती म्हणाली. "आई सेड यू कम एव्हरी इयर टू हेट इट."

बघ, काय शिकवून ठेवलंस पोरीला! मी 'बघते' म्हणून फोन ठेवला आणि सतीशला लावला. सतीश म्हणजे आपल्या मंडळाचा यंदाचा अध्यक्ष, पुण्याचा, दिवसभर कंपनीत लोकांना मीटिंगा लावतो आणि शनिवार-रविवारी आपल्याला.

"काकू, घरात दुःख झालंय, तर रिस्पेक्टफुली यंदा भोंडला स्किप करू," तो म्हणाला. "त्याऐवजी ट्रिब्यूट ठेवतोय. स्लाइड शो, बॅकग्राउंडला बासरी. मग लोकांना थोडं लाइट वाटावं म्हणून दांडिया. डीजे ऑलरेडी बुक केलाय."

"म्हणजे दांडिया हा सण नव्हे?"

"ते... ते फंड-रेझिंग आहे, काकू."

खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. तीन वर्षं मी तुला सांगत होते की हे थांबव. शाळेच्या जिममध्ये हत्ती टांगून फेर धरणं हा पोरखेळ आहे. आता तो आपोआप थांबत होता. डीजे एकदा त्या जिममध्ये घुसला की पुढच्या वर्षी कोण त्याला बाहेर काढतंय? तुझा भोंडला तिथेच संपला असता, बासरीच्या सुरांवर. मला बोटही हलवायची गरज नव्हती.

पण ती बासरी! कुंदे, तुला बासरीची नुसती झोप यायची. आणि स्लाइड शोमध्ये तुझे फोटो फिरणार, विरघळत जाणार एकमेकांत, आणि खाली इंग्रजी ओळींवर तारे चमकणार. त्या कल्पनेनेच माझ्या तोंडाची चव गेली. भोंडला आवडो न आवडो, ही लिबलिबीत घाण तुझ्या नावावर होऊ द्यायची नाही, एवढं मी ठरवलं. प्रेमानं नव्हे. नीट ऐक. किळस आली म्हणून.

हे सगळं सुरू कुठून झालं ते मी मितालीला भोंडल्याआधीच सांगितलं. तिला वाटत होतं, तू साताऱ्याहून आणलंस. साताऱ्याहून नाही, पेरू देशातून.

लायब्ररीत बसून तू प्रवासाचं मासिक चाळत होतीस, त्यात तो फोटो होता. सोनेरी कपड्यातला माणूस, दोन्ही हात सूर्याकडे. इंका लोकांचा सूर्याचा सण, दर जूनमध्ये, कुस्को नावाच्या गावात. "उषा, सूर्याचा सण आहे, आणि आपण सूर्याला अर्घ्य देणाऱ्यांची पोरं. चल." इतकं सोपं. तुझे वडील रोज सकाळी परसात उभं राहून ओंजळीतून पाणी सोडायचे, तेवढ्यावरून तू मला अर्ध्या जगाच्या पलीकडे न्यायला निघालीस. तुझ्या नवऱ्याला, मधुकररावांना, गोल्फ होता. माझ्या घरी विचारायला कोणी उरलं नव्हतं. न्यूयॉर्कचे टॉवर पडून तीनेक वर्षं झाली होती आणि आपल्या रंगाच्या माणसाला एअरपोर्टवर अजून बाजूला काढायचे. तुला काढलं, तर तू तपासणाऱ्या पोरीला विचारलंस, "दिवसभर उभं राहून पाय दुखत असतील ना गं?" मराठीत. ती हसली आणि तुला सोडलं. मला मात्र मेंदीचं पाकीटसुद्धा उघडून दाखवावं लागलं.

कुस्कोला उतरल्या उतरल्या माझं डोकं फुटायला लागलं. हवा इतकी विरळ की जिना चढताना छातीत घण. हॉटेलवाल्यानं कोकाच्या पानांचा चहा दिला, तो म्हणजे गवत भिजवलेलं पाणी. तो प्यायले आणि सगळा प्रवास बाहेर आला, मायामीपासूनचा. तू बादली धरलीस. माझे केस मागे धरलेस, फरशी पुसलीस, गादीवरची चादर काढून नळाखाली धुतलीस, आणि हे करता करता मला विचारत होतीस की उद्या कोणता स्वेटर घालू. मला माझीच घाण वाटत होती. तुला नाही. तुला आयुष्यात कशाचीच किळस आली नाही, कुंदे. माझा नवरा गेला तेव्हा त्याचं औषधांचं कपाट, त्याच्या पिशव्या, नळ्या, सगळं तूच आवरलंस. मी डॉक्टर असून दाराबाहेर उभी होते. तुझे आभार मानायचे राहिलेच. मानले असते तर तू म्हणाली असतीस, "आता काय, सत्कार करतेस?"

लोकांना वाटतं पॅथॉलॉजिस्ट म्हणजे नाक मेलेली बाई. नाक मेलेलं नाही. कापून काढलेलं आतडं हातात धरून मी दुपारच्या सँडविचचा विचार करत आले, कारण ते खरं असतं, त्याला काही लपवायचं नसतं. मला किळस येते ती खोट्याची. आणि तू मला खोट्याच्या जत्रेत नेलंस.

आधी त्या बाजारात. मितालीच्या वर्गात लहानपणी गिनीपिग होता ना, सुट्टीत तुझ्या घरी राहायला यायचा, गाजरं कुरतडायचा? तोच तिथे, काठीवर खोचून भाजलेला, दात बाहेर. मी तोंड फिरवलं. तू शाकाहारी बाई, तिथेच उकिडवी बसलीस आणि विकणारीला हातवारे करून विचारायला लागलीस की आत काय भरता. "मसाला आपल्यासारखाच वाटतो गं," तू मला सांगितलंस. शी!

मग तो दिवस. गावावरच्या डोंगरात मोठमोठ्या दगडांच्या तटबंदीसमोर मैदान, आणि मैदानाच्या कडेला परदेशी पाहुण्यांसाठी स्टँड. तिकीट काढलेल्या खुर्च्या आपल्या. स्टँडच्या मागे लागूनच टेकडीचा उतार, आणि त्यावर गावातली माणसं, फुकट, मुंग्यांसारखी, पोराबाळांसकट, डबे-गाठोडी घेऊन पहाटेपासून बसलेली. लाउडस्पीकर खरखरत होता. सैन्य आलं. सोनेरी पुठ्ठ्याच्या ढाली. एका सैनिकाच्या मनगटावर घड्याळ, दुसरा ढालीमागे लपून पिवळंधमक सोडा पीत होता. बायका रस्ता झाडत, फुलं टाकत आल्या. मग पालखीत राजा. गाइड म्हणाला, स्पॅनिश लोकांनी हा सण शेकडो वर्षं बंद पाडला होता, आपल्या आईवडिलांच्या तरुणपणी कधी तरी पुन्हा सुरू केला. कशावरून? तर एका माणसाने पुस्तकात लिहून ठेवलं होतं त्यावरून. आई इंका, बाप स्पॅनिश, हा तरुणपणी स्पेनला गेला तो गेलाच, आणि तिकडे बसून म्हातारपणी त्यानं आठवणी लिहिल्या. "ऐकी-ऐकीव!" मी तुला म्हटलं. तू म्हणालीस, "म्हणजे आपल्यासारखाच की गं."

राजानं हात वर केले. त्याचं तोंड हलायच्या जरा आधी त्याचा आवाज यायचा. इतकं सगळं धडधडीत खोटं, आणि माझ्या शेजारी तू उभी राहिलीस, चपला काढल्यास, आणि पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीतून ओंजळीत पाणी घेऊन सूर्याला अर्घ्य द्यायला लागलीस! पुढच्या रांगेत ओहायोची एक बाई होती, सगळं पाणी तिच्या पांढऱ्या बुटांत. तिनं वळून पाहिलं आणि ओरडायच्या ऐवजी कॅमेरा काढला. मग तिच्या नवऱ्याने काढला. मग सगळ्या रांगेनं राजाकडे पाठ केली आणि तुझे फोटो घेतले. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. तू डोळे मिटून होतीस. तुझ्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते बाटलीतलं नव्हतं.

मग लामा आणला, तिकडचं उंटाच्या जातीचं लोकरी जनावर. त्याला आडवा केला, चार पुजारी वर वाकले, आणि एकाने लाल-काळं काहीतरी हातात धरून उंच केलं. लोकांनी श्वास रोखला. मी रोखला नाही. माझं आयुष्य गेलंय त्यात, कुंदे. कडा सुकलेल्या, रक्त जुनं. मी चांगल्या मोठ्यानं म्हणाले, "हे काळीज त्या प्राण्याचं नाहीच. हे फ्रीजमधलं आहे. कालचं तरी असेल, नाहीतर परवाचं."

तू वळलीस. इतक्या वर्षांत तू माझ्याकडे असं बघितलं नव्हतंस. "अगं, त्या लामाला मारलं नाही यात तुला दुःख काय झालं? एवढी माणसं थंडीत येऊन बसलीत, आणि तू त्यांचं काळीज तपासतेस? बस तू तुझ्या खुर्चीत," असं म्हणून चपला हातात घेऊन तू स्टँड उतरलीस. आणि गेलीस.

मी बसले. थोडा वेळ रागात बसले. मग वाटलं, हिला एक अक्षर स्पॅनिश येत नाही, इतक्या गर्दीत हरवली तर मधुकररावांना काय सांगू? म्हणून उभी राहिले आणि मागे वळून टेकडीवर शोधायला लागले. हजार टोप्या, हजार शाली. टेकडीवरून आरडाओरडा सुरू झाला. बसा खाली, बसा खाली, असंच काहीतरी ते ओरडत असणार, कारण माझ्यामुळे त्यांना राजा दिसत नव्हता. मी बसेना. तुला शोधत होते ना! पुढच्या बाजूला बघायला वळले आणि फाट! मानेवर काहीतरी ओलं येऊन बसलं. संत्र्याचं साल. सगळी टेकडी हसली. मी खाली बसले. नागपूरची बाई मी, आणि मला परमुलखात संत्र्याच्या सालानं मारलं!

सगळं संपल्यावर तू उतरून आलीस. नाक उन्हानं लाल, शालीच्या टोकात मक्याचे भाजलेले दाणे. राग कुठल्या कुठे. मी मान पुसत अजून फणफणत होते, तर तू पोट धरून हसायला लागलीस. "नेम बघितलास माझा?"

"तू मारलंस?"

"तुला सगळे ओरडत होते, तू ऐकेनास. माझ्या शेजारची म्हातारी साल फेकायच्या बेतात होती. मी तिचा हात धरला. खुणेनं सांगितलं, ही माझी मैत्रीण आहे, मीच मारते. तिनं साल माझ्या हातात दिलं." आणि मग तू मला दाणे दिलेस. मी घेतले नाहीत. मग घेतले.

परतीच्या विमानात तो वाद सुरू झाला, तो काही संपला नाही. मी म्हटलं, मेलेली गोष्ट मेलेली असू द्यावी. पुस्तकात बघून तिला उठवायची, कपडे चढवायचे, तिकीट लावायचं, हे म्हणजे भुसा भरलेला वाघ दिवाणखान्यात ठेवणं. तू म्हणालीस, "पहिल्या वर्षी किती हास्यास्पद झालं असेल गं ते! ज्यानं पहिल्यांदा राजाचे कपडे घातले त्याला घरचे किती हसले असतील! तरी तो उभा राहिला." मी म्हटलं, उभा राहिला म्हणून खरा झाला का? तू खिडकीकडे तोंड फिरवलंस. मला वाटलं, झोपलीस. मग म्हणालीस, "मी आपल्या एडिसनमध्ये भोंडला सुरू करणार."

आणि केलास, बाई. तो काय भोंडला होता का? तिथी, हस्त नक्षत्र सोडून 'जवळचा शनिवार'. पहिल्या वर्षी जिमच्या फरशीवर रांगोळीचा हत्ती काढलास, तर शाळेच्या माणसानं पुढच्या वेळी जागाच न देण्याची धमकी दिली. मग तू छपाईच्या दुकानात जाऊन हत्तीचं बॅनर करून आणलंस. दुकानदारानं इंटरनेटवरून हत्ती घेतला, सुपाएवढ्या कानांचा, आफ्रिकेचा. "हत्तीच आहे ना?" तू म्हणालीस. गाणी सीडीवर. बायका पैठण्या नेसून, पायात स्नीकर्स घालून सीडीच्या मागे मागे ओठ हलवायच्या, तुझ्या त्या राजासारख्या. नवरे कडेच्या बाकांवर बसून कॅमकॉर्डर धरायचे. पोरं खिरापतीच्या डब्यात पिझ्झा ओळखायची. आणि मी सगळ्यात वरच्या बाकावर हाताची घडी घालून. दर नवरात्रात तुझा फोन यायचा, "येणार ना गं नाक मुरडायला?" मी म्हणायचे, येते. एकही वर्ष चुकवलं नाही मी. इतकी किळस यायची तरी का जायचे, ते तू कधी विचारलं नाहीस, आणि मीही सांगितलं नाही.

तर शनिवार.

सतीशला मी सांगितलं, भोंडला होणार, स्लाइड शो होणार नाही, डीजेला संध्याकाळी यायला सांग. तो म्हणाला, "काकू, कमिटीला विचारावं लागेल." मी म्हटलं, "विचार. आणि त्यांना हेही विचार की तुमच्यापैकी कोणाला एक गाणं सीडीशिवाय येतं का." तो घाबरतो मला. तुला घाबरत नव्हता, म्हणून तुझं ऐकायचा. माझंही ऐकलं, एवढं खरं.

मितालीनं तुझ्या गराजमधून बॅनर आणलं. मला ते फाडून टाकायचं होतं. पण मला हत्ती काढता येत नाही. आमच्याकडे विदर्भात भुलाबाई, मातीच्या मूर्ती, हत्तीबित्ती काही नाही. म्हणून टांगलं तेच. एक कान बास्केटबॉलच्या रिंगमागे गेला. सीडी मी लावू दिली नाही. सगळ्यांना फेर धरायला लावला आणि गायला लागले, माझ्या या फाटक्या आवाजात.

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! मी म्हणतेय नागपूरचं भुलाबाईचं, पुण्याच्या पोरींना त्याच गाण्याची दुसरी ओळ वेगळी येते, मुंबईच्या दोघींना चालच वेगळी, लातूरची एक लाजरी पोर होती, नुकतीच लग्न होऊन व्हिसावर आलेली, ती एकदम खणखणीत आवाजात तिसरंच काही म्हणायला लागली. फेर अर्धा इकडे, अर्धा तिकडे, एकमेकींच्या स्नीकर्सवर पाय. कोणाचं कोणाशी जुळेना. एक म्हणे माझी आजी असं म्हणायची, दुसरी म्हणे माझी असं. भांडण लागलं! हत्तीखाली, फेर थांबवून, चांगलं हातवारे करून भांडण. सतीश बाकावरून विचारत होता, "काकू, प्रोग्रॅम पॉझ झालाय का?" इतका बेंगरूळ, इतका ओंगळवाणा भोंडला मी जन्मात पाहिला नव्हता. माझा घसा बसला, साडीचा काठ फाटला, कोणीतरी पायावर पाय देऊन नख उखडलं. मला हे पटलं असं समजू नकोस. मला अजून पटलेलं नाही. विमानातला वाद माझ्याकडून अजून चालू आहे, तू उत्तर द्यायची राहिली आहेस.

शेवटी खिरापत. माझा डबा सगळ्यात मोठा, पोळ्यांचा स्टीलचा. पोरांनी हलवून पाहिला, आत धबधब आवाज. लाडू? नाही. बटाटेवडे? नाही. चिकन नगेट्स? अरे, भोंडला आहे! बेसबॉल? बायकांनीही डोकं खाजवलं. शेवटी सगळे हरले आणि मी झाकण काढलं. संत्री. कॅलिफोर्नियाची, मेण लावून चकचकीत केलेली, सोलायला नखं तुटतील अशी.

"काकू, खिरापतीला संत्री चालतात?" एकीनं विचारलं.

"नागपूरला चालतात," मी म्हटलं. चालत नाहीत, कुंदे. तिथेही नाही चालत.

पोरांनी सोलायला घेतली. जिममध्ये घामाच्या आणि रबराच्या वासात तो वास पसरला. लोक आपापल्या बाकांवर जाऊन खायला लागले, मिताली समोर येऊन तुझ्याबद्दल दोन वाक्यं बोलणार होती, आणि सतीशनं कॅमेरा लावला होता. तेव्हा मी उठले, अगदी मधोमध गेले, बाकांकडे पाठ केली आणि उभी राहिले.

"काकू, तुम्ही फ्रेममध्ये येताय," सतीश म्हणाला. "बसता का जरा?"

मी बसले नाही.

मागून आणखी कोणी म्हणालं, "काकू, खाली बसा ना, दिसत नाहीये." मग एक बाई. मग एक बारकं पोर, इंग्रजीत, "सिट डाऊन!" चांगला गलका झाला. मी मान ताठ ठेवली, पदर बाजूला केला, मान उघडी ठेवली. समोर मितालीच्या हातात अर्धं सोललेलं संत्रं होतं. तिला ती टेकडीची गोष्ट माहीत आहे, मीच सांगितली. तिनं माझ्याकडे पाहिलं, तिचा हात जरा वर आला, आणि मग तिनं तो खाली घेतला. बरं केलं पोरीनं. ते तिचं काम नव्हतं.

मी बराच वेळ उभी होते, कुंदे. सगळे ओरडून थकले आणि गप्प झाले, तरी उभी होते. मागून काही आलं नाही. मग मी खाली बसले.